एक स्लॅश, एक्केचाळीस कमेंट आणि गप्प बसलेला मुलगा

पत्र थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून: वय २८, मूळचा फोंड्याकडचा. पुण्यात पाच वर्षं जावास्क्रिप्ट ही भाषा आणि ती सर्व्हरवर चालवणारं नोड यांवर काम केलं, तिथे टीममधला हुशार पोरगा अशी ओळख होती. आईच्या तब्येतीमुळे गोव्यात परतला आणि आता पर्वरीच्या एका छोट्या ऑफिसात बसून बंगळूरच्या टीमसोबत काम करतो. टीम वेब सर्व्हरची. कंपनीच्या सगळ्या साइट आणि ॲपच्या पुढे जो एनजिनएक्स (येणारी प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, आधी घेऊन मागच्या सर्व्हरकडे पाठवणारा वेब सर्व्हर) उभा आहे तो सांभाळायचा, शिवाय कंपनीनेच सी भाषेत लिहिलेली त्याची दोन मॉड्यूल, म्हणजे जोडभाग. तीन महिने झालेत. पहिल्या पुल रिक्वेस्टला (म्हणजे तपासायला टाकलेल्या कोडबदलाला) सिनिअरच्या ४१ कमेंट आल्या. कॉन्फिगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, जागोजागी "हात लावू नये" लिहिलंय, त्यातली एक ओळ २०१३ ची आहे, आणि लिहिणारा माणूस २०१८ मध्येच सोडून गेलाय. दुसऱ्या महिन्यात याने "उगाच पडलेला" एक स्लॅश साफ केला आणि अठरा मिनिटं लोकांना ॲपवर ४०४, म्हणजे "पान सापडलं नाही", दिसत राहिलं. कोणी ओरडलं नाही, पण तेव्हापासून हा मीटिंगमध्ये गप्प असतो. पुण्याचा जुना मॅनेजर परत ये म्हणून फोन करतोय, बाबा म्हणतात सरकारी जागांची जाहिरात आलीय, फॉर्म भर. प्रश्न त्याच्याच शब्दांत: "ताई, मी मुळात हुशार होतो की पुण्यात काम सोपं होतं म्हणून तसं वाटायचं? प्रोबेशन संपायला अजून तीन महिने आहेत. त्याआधीच निघावं का?"

अरे, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाईट वाटलं, दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली की एवढ्या लांब पत्रात तू त्या अठरा मिनिटांवर तीन परिच्छेद लिहिलेस आणि बाकीच्या नव्वद दिवसांवर अर्धी ओळ. त्या नव्वद दिवसांत साइट चालू होती ना? मग?

तू म्हणशील त्यात माझं काय. तर तिथूनच सुरुवात करू, कारण मला वाटतं गडबड तुझ्या डोक्यात नाहीये, तुझ्या मोजपट्टीत आहे. पुण्यात तू फीचर बनवायचास. शुक्रवारी डेमो, नवीन बटण दिसतंय, लोक टाळ्या वाजवतात, घरी जाताना माणसाला कळतं की आज मी अमुक केलं. वेब सर्व्हरच्या कामात चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी कोणालाच आठवण झाली नाही की असा काही सर्व्हर आहे. तू पाच वर्षं पहिल्या पट्टीने स्वतःला मोजत आलास आणि आता तीच पट्टी इथे लावतोयस, मग उत्तर शून्यच येणार की.

माझं आजोळ चोडण बेटावरचं. तुला खाजन शेती माहीत असेलच, फोंड्याकडचा आहेस, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते. मांडवी आणि जुवारीच्या काठची ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणजे मातीचे बांध नसते तर तिथे खारं पाणीच असतं. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारं बसवलेली असतात, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्याच जोराने दार बंद, ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलून दार उघडं. ना मोटर ना बटण. लहानपणी मला वाटायचं की मानशीवर नेमलेला माणूस नुसता बसून असतो आणि संध्याकाळी कोळंबी पकडतो, काय मजा आहे. आजोबा म्हणायचे तो बसलाय म्हणून आपण जेवतोय. एकदा बांधाला भगदाड पडलं आणि शेतात खारं पाणी शिरलं की मग पुढची काही वर्षं भात नीट येत नाही, तेव्हा गावाला तो माणूस आठवतो.

तू मानशीवर बसायला आलायस बाबा. आणि शेतात किती पोती झाली ते मोजतोयस.

आता त्या स्लॅशकडे येऊ, कारण तो तुझ्या घशात अडकलाय. तू लिहिलंयस की प्रॉक्सी पासच्या (रिक्वेस्ट मागच्या कुठल्या सर्व्हरला द्यायची ते सांगणाऱ्या) ओळीत पत्त्याच्या शेवटी एक स्लॅश होता, बाकीच्या ओळींत नव्हता, तुला वाटलं विसरून राहिलाय म्हणून तू काढलास. हा एनजिनएक्समधला प्रसिद्ध खड्डा आहे रे, यात पडलेली माणसं मोजायला बसलो तर मिरामारचा किनारा भरेल. शेवटी स्लॅश असला तर लोकेशनमध्ये, म्हणजे हा नियम कुठल्या पत्त्यांना लागतो ते सांगणाऱ्या ओळीत, जुळलेला भाग कापून, त्या जागी तो स्लॅश लावून पुढे पाठवलं जातं, म्हणजे /एपीआय/ऑर्डर्स असा पत्ता आला तर मागच्या सर्व्हरला नुसतं /ऑर्डर्स जातं. स्लॅश नसला तर आलेला पत्ता जसाच्या तसा पुढे. तुमच्या मागच्या सर्व्हरला एपीआय वाला पत्ता माहीतच नव्हता, म्हणून ४०४. आणि गंमत म्हणजे कॉन्फिग तपासणारी कमांड दोन्ही वेळेला सगळं ठीक आहे असंच सांगते, कारण व्याकरण दोन्हीचं बरोबर आहे, अर्थ वेगळा आहे.

तू म्हणतोस "मी साइट पाडली". जरा थांब. तुझा बदल दोघांनी अप्रूव्ह केला होता, तूच लिहिलंयस. स्टेजिंगवर, म्हणजे खऱ्या साइटआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर, तो चालला कारण तिथला मागचा सर्व्हर दोन्ही पत्ते घेतो, हेही तूच लिहिलंयस. म्हणजे दोन अनुभवी माणसं, एक स्टेजिंग आणि एक तपासणी, एवढ्या सगळ्या चाळणीतून तो स्लॅश गेला आणि दोष मात्र एकट्या तुझा? आणि एक ओळ तू अशी सहज लिहून पुढे गेलास, मी मात्र तिथे थांबले: "सहाव्या मिनिटाला मला लॉगमध्ये ४०४ वाढलेले दिसले, मी ग्रुपवर टाकलं." म्हणजे बिघाड तूच पकडलास! मॉनिटरिंगच्या अलार्मच्या आधी. चुकीचा माणूस असता तर गप्प राहून चुपचाप बदल मागे घ्यायचा प्रयत्न केला असता आणि अठराचे चाळीस झाले असते. तुझ्या टीमने तुला ओरडलं नाही याचं कारण तुला वाटतंय की त्यांनी तुला सोडून दिलंय. मला वाटतं त्यांनी ती सहाव्या मिनिटाची ओळ बघितली.

माझं सांगते म्हणजे तुला बरं वाटेल. २००९ ची गोष्ट, मुंबईतलं एक ऑफिस, नाव नको, सर्व्हर अपाचीचा (एनजिनएक्ससारखाच दुसरा वेब सर्व्हर). डिस्क भरली म्हणून रात्री फोन आला. मी लॉगिन केलं, बघितलं तर एक लॉग फाइल (सर्व्हरची नोंदवही) फुगून बसलेली, दिली डिलीट करून. डिस्क तरी शंभर टक्के! का, तर चालू असलेला सर्व्हर ती फाइल उघडून धरून बसलेला असतो, आपण नाव पुसलं तरी त्याने हात सोडेपर्यंत जागा सुटत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घाबरून मी सर्व्हर रीस्टार्ट केला. तो खाली गेला आणि वरच येईना, कारण कॉन्फिग फाइलमध्ये कोणीतरी काही महिन्यांपूर्वी अर्धवट बदल करून ठेवलेला आणि सर्व्हर इतके दिवस मेमरीतल्या जुन्या कॉन्फिगवर चाललेला. म्हणजे चालणारा सर्व्हर आणि डिस्कवरची फाइल या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मला रात्री दोन वाजता कळलं, साहेब फोनवर असताना. तेव्हापासून मी तपासणीची कमांड चालवल्याशिवाय काही करत नाही आणि रीलोडने, म्हणजे सर्व्हर बंद न करता, काम होत असेल तर रीस्टार्टला हात लावत नाही. एनजिनएक्समध्ये तर फरक फार मोठा आहे, रीलोड केलं की मुख्य प्रोसेस आधी नवं कॉन्फिग वाचून बघते, चुकीचं असलं तर जुन्यावरच चालू राहते, बरोबर असलं तर नवे वर्कर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस, उभे करते आणि जुने वर्कर हातातलं काम संपवून मग जातात. रीस्टार्टमध्ये ही दयामाया नाही. हे कुठल्याही नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या लॅपटॉपवर मुद्दाम चुकीचं कॉन्फिग लिहून करून बघावं, वाचून हे डोक्यात बसत नाही.

बरं, "हात लावू नये". याचा तुला राग आलाय, तू लिहिलंयस की आळशी लोक आहेत, कारण लिहीत नाहीत, नुसत्या धमक्या लिहितात. राग बरोबर आहे, पण आळशी म्हणण्याआधी एक आठवण करून देते. जगातला पहिला वेब सर्व्हर वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या, सर्न या संशोधन संस्थेतल्या, नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर १९९० च्या शेवटी चालू झाला, आणि त्या मशीनवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता की हा सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे हात लावू नये ही परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे, तुझ्या टीमने काढलेली नाही. आणि लिहिणारा सोडून गेला हीसुद्धा. अपाची जन्मला तोच मुळी तसा. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी सर्व्हर लिहिला, १९९४ मध्ये ते तिथून गेले आणि पुढचं काम रखडलं, मग तो वापरणाऱ्या लोकांनी आपापल्या दुरुस्त्या ईमेलवरून एकमेकांना पाठवायला सुरुवात केली, त्यातून १९९५ च्या एप्रिलमध्ये अपाचीची पहिली आवृत्ती बाहेर आली. दुसऱ्याचं सोडून दिलेलं घर झाडूनपुसून राहायला घेतलं, तसं. ते लोक रडत बसले नाहीत की मूळ लेखक कुठे आहे म्हणून. (रडलेही असतील, ईमेलमध्ये.)

आणि काही चुका दुरुस्त न करण्यातच शहाणपण असतं. एचटीटीपीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांत, रेफरर नावाचं हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) आहे, माणूस कुठल्या पानावरून आला ते सांगणारं. त्याचं स्पेलिंग चुकलेलं आहे, एक आर कमी. १९९६ च्या मानकात ते तसंच छापलं गेलं आणि आज जगातले ब्राउझर ते चुकीचंच स्पेलिंग पाठवतात आणि सर्व्हर तेच वाचतात. आता कोणी उत्साही मुलाने ते शुद्ध केलं तर? तुझा स्लॅश त्याच जातीचा होता.

याचा अर्थ काही कुठे हलवायचंच नाही असा नाही हं. चोडणला बांधाची डागडुजी दर वर्षी करावीच लागते, न करता पूजा केली तर बांध फुटतो. पण आधी विचारायचं की ही फळी इथे कशासाठी आहे, मग काढायची. विचारायचं कोणाला, माणूस तर गेला, तर गिटला (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) विचार. ब्लेम बघून थांबू नकोस, ब्लेम फक्त शेवटी कोणी ओळ हलवली ते सांगतं, बहुतेक वेळा तो बिचारा स्पेस नीट करणारा असतो. गिट लॉग या कमांडला मोठा एस (-S) लावून तो शब्द दे, तो शब्द कोडमध्ये पहिल्यांदा कुठल्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, आला ते मिळेल. मग त्या तारखेच्या आसपासची तिकिटं (कामाच्या नोंदी), जुने इन्सिडेंट रिपोर्ट (बिघाडांचे अहवाल) उघड. मग सिनिअरकडे जा, आणि "हे का आहे" असं कोरडं विचारू नकोस, "मला वाटतं हे या तिकिटामुळे आलं असावं, बरोबर का" असं विचार. पहिल्या प्रश्नाला माणूस नंतर सांगतो म्हणतो, दुसऱ्याला हातातला चहा ठेवून उत्तर देतो. आणि मिळालेलं उत्तर त्या ओळीच्या डोक्यावर दोन वाक्यांत लिहून त्याची छोटीशी पुल रिक्वेस्ट टाक. नुसती फाइलमधली टीप वाढवणारी रिक्वेस्ट, सर्व्हर पडायचा धोका शून्य, आणि टीमला ती सोन्यासारखी असते, कारण जुन्यांना आता त्या ओळी दिसतही नाहीत. तुला त्या खटकतात. सहा महिन्यांनी तुलाही खटकायच्या बंद होतील, म्हणून आत्ताच एक वही घाल आणि रोज जे विचित्र वाटलं ते त्यात लिही.

आता ४१ कमेंट. खरं सांग, त्या पुल रिक्वेस्टमध्ये किती ओळी होत्या? तू पत्रात लिहिलं नाहीस, पण "पूर्ण मॉड्यूलची एरर हाताळणी नीट केली" असं लिहिलंयस, म्हणजे पाच-सहाशे तरी असतील. सी मध्ये. एनजिनएक्सच्या आत. तिथे मेमरी पूलमधून, म्हणजे त्या रिक्वेस्टपुरत्या साठ्यातून, घ्यायची असते, रिक्वेस्ट संपली की तो अख्खा पूल आपोआप सोडला जातो, नोडमध्ये असला विचार तू कधी केला नसशील कारण तिथे न लागणारी मेमरी परत घेणारा गार्बेज कलेक्टर आईसारखा मागून आवरत असतो. अशा बदलाला ४१ कमेंट म्हणजे त्या सिनिअरने निदान दोन-तीन तास तुझ्यासाठी घालवले. ज्याला तुझी पर्वा नाही तो एक अंगठा टाकून मोकळा होतो.

पण तो कोरडा लिहितो हे मला मान्य आहे, "का?" एवढीच एक कमेंट, अक्षर एक आणि प्रश्नचिन्ह एक, ही वाचून कोणाच्याही पोटात गोळा येईल. तर असं कर. त्या ४१ पुन्हा उघड आणि तीन ढीग कर, कुठल्या नुसत्या आवडीनिवडीच्या, कुठल्या खरोखर प्रश्न आहेत, आणि कुठल्या न सुधारता मुख्य कोडमध्ये मर्ज केलं तर सर्व्हर पडेल. मी पैजेवर सांगते की तिसऱ्या ढिगात पाचसहाच निघतील. मग त्याला अर्धा तास माग, कॅमेरा चालू ठेवून, आणि ते पाचसहा त्याच्या तोंडून ऐक. लिहिलेला "का?" आणि बोललेला "का?" यात फार फरक असतो, आपल्याकडे "कित्याक?" रागाने पण विचारतात आणि मायेने पण. आणि पुढची रिक्वेस्ट शंभर ओळींच्या आत ठेव, मोठा बदल असेल तर तुकडे कर. हे नव्या सगळ्यांनाच सांगते, मोठी रिक्वेस्ट पाठवून आपण किती काम केलं हे दाखवायचा मोह होतो, समोरच्याला मात्र ती चवथीच्या आदल्या दिवशीच्या म्हापशाच्या बाजारासारखी दिसते, कुठून आत शिरावं तेच कळत नाही.

आणि बारीक रिव्ह्यूला वैताग आला की अपाचीचं २०२१ चं प्रकरण आठव. २.४.४९ या आवृत्तीत पत्ता सरळ करून घेण्याच्या कोडमध्ये बदल केला, त्यात भोक राहिलं, बाहेरच्या माणसाला नको त्या फाइलपर्यंत पोचता येत होतं. घाईने २.४.५० काढली, ती दुरुस्ती अपुरी पडली, मग तीन दिवसांत २.४.५१. ज्यांनी पंचवीस वर्षं हेच केलंय त्या लोकांचं हे.

पण मला खरी काळजी वेगळ्या गोष्टीची वाटली, तू गप्प झालायस ती. स्लॅश झाला, कमेंट आल्या, हे होतंच, पण स्टँडअपला (रोजच्या छोट्या मीटिंगला) "काल तेच, आज पण तेच" म्हणून माइक बंद करणारा मुलगा तीन महिन्यांत टीमच्या नजरेतून पुसला जातो, आणि तू तर त्यांच्या समोर बसत पण नाहीस. ते सगळे बंगळुरात एकत्र जेवतात, अर्धे निर्णय तिथे डब्यावर होतात, तू पर्वरीत एकटा कोपऱ्यात. तुला प्रश्न विचारला की आपलं अज्ञान उघडं पडेल अशी भीती आहे, बरोबर ना? पण अज्ञान आहे हे त्यांना माहीतच आहे रे, तू तीन महिन्यांपूर्वी आलास, पुण्यात सी केलं नाहीस हे इंटरव्ह्यूत सांगितलंस, तरी घेतलं. त्यांना न कळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तू अडकलायस की शिकतोयस. गप्प माणूस दोन्हीकडे सारखाच दिसतो.

म्हणून मॅनेजरशी बोल, आणि "मला जमत नाहीये" असं बोलू नकोस, ते वाक्य ऐकून कोणी काहीच करू शकत नाही. असं सांग: कॉन्फिग मला आता बरंच वाचता येतं, मॉड्यूलमधलं मेमरीचं आणि कनेक्शनचं आयुष्य कसं चालतं ते कळत नाही, येत्या सहा आठवड्यांत मला हे दोन शिकायचेत, आठवड्याला एक तास कोणासोबत बसू? आणि एक मागणी कर, दोन आठवडे बंगळूरला येऊन बसतो. बसने एका रात्रीचा प्रवास आहे, आईजवळ कोणी राहायची सोय झाली तर जा. दोन आठवडे सोबत चहा प्यालेल्या माणसाच्या कमेंट नंतर वेगळ्या ऐकू येतात, हे मी स्वतः बघितलंय.

ऑन-कॉलबद्दल, म्हणजे बिघाडाचा फोन घ्यायच्या पाळीबद्दल, तू विचारलंस, पुढच्या महिन्यात नाव लागणार म्हणून झोप उडालीय. एकट्याने पहिल्यांदा घेऊ नकोस, आधी एक आठवडा कोणाच्या तरी मागे सावलीसारखा बस, फोन दोघांना येऊ दे, हात त्याचे चालू दे. आणि आपल्याकडचं वेगळं एक, जूनमध्ये लाइट जाणार, नेट जाणार, हे धरूनच चाल. इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि मॅनेजरला आधीच सांगून ठेव की पावसात अर्धा तास मी गायब झालो तर दुसरा कोण. बंगळूरवाल्यांना आपला पाऊस माहीत नसतो.

अभ्यासाचं फार सांगत नाही, पुस्तकं तुला मिळतील. एकच युक्ती. एक रिक्वेस्ट पकड आणि तिच्यासोबत चालत जा. कर्लने (रिक्वेस्ट पाठवायच्या कमांडने) तोंडाचा पट्टा उघडा ठेवून, म्हणजे व्ही (-v) लावून, एक रिक्वेस्ट मार, मग ती ॲक्सेस लॉगमध्ये शोध, मग मागच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये. लॉगमध्ये रिक्वेस्टचा एकूण वेळ आणि अपस्ट्रीमचा, म्हणजे मागच्या सर्व्हरचा, वेळ हे दोन आकडे शेजारी छापून घे. दोन्ही मोठे असतील तर मागचा सर्व्हर रेंगाळतोय, नुसता एकूण मोठा असेल तर बहुतेक गिऱ्हाइकाचं नेट हळू आहे. मग ४९९ बघ. हा कोड मानकात नाहीच, एनजिनएक्सने स्वतःपुरता ठेवलाय, गिऱ्हाईक उत्तराची वाट बघून कंटाळून निघून गेलं असा त्याचा अर्थ. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघून गाडी वळवून पणजीच्या दिशेने परत जाणारा माणूस, तो ४९९. एका आठवड्यात असे दहा प्रवास केलेस की तुझ्या टीमचा नकाशा तुझ्या डोक्यात उतरेल, आणि तो कागदावर काढ, मी सांगते तो कागद टीममध्ये कोणाकडेच नसेल.

आणि तू म्हणतोस शून्यापासून सुरुवात, ते खोटं आहे. नोडमध्ये पाच वर्षं तू काय केलंस? एक थ्रेड (कामाचा धागा), इव्हेंट लूप (आलेली कामं एकामागून एक हाताळणारं चक्र), काहीही करा पण लूप अडवू नका. अरे, एनजिनएक्सचा वर्कर तसाच चालतो! १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी प्रश्न मांडला की एका मशीनवर एकाच वेळी दहा हजार कनेक्शन कशी सांभाळायची, कारण तेव्हा सर्व्हर साधारणपणे एका कनेक्शनला एक प्रोसेस किंवा थ्रेड द्यायचे आणि मशीन गुदमरायचं. इगोर सिसोएव यांनी २००२ पासून एनजिनएक्स लिहायला घेतला, २००४ मध्ये बाहेर काढला, आणि उत्तर हेच, मोजके वर्कर, प्रत्येकात एक लूप, कोणासाठी थांबायचं नाही. बंगळूरच्या तुझ्या सिनिअरला सी तुझ्यापेक्षा जास्त येतं, पण लूप अडवल्यावर काय होतं हे तुला हाडात माहीत आहे. भाषा बदलली, पाणी तेच आहे.

आता निघावं का. बाबांचं आधी संपवते, गोव्यात मुलगा मंगळावर उतरला तरी बाबा विचारणार सरकारी जागा आहे का तिथे, त्यांना फॉर्म भरून दे, तुझं काही जात नाही. पुण्याचं मात्र नीट बघ. जुन्या मॅनेजरला हो पण म्हणू नकोस आणि टांगून पण ठेवू नकोस, सरळ सांग की प्रोबेशन संपेपर्यंत मी हलत नाहीये, त्यानंतर बोलू. चांगला माणूस असेल तर थांबेल. तू आत्ता गेलास तर तू त्या स्लॅशमुळे जाशील, आणि मग पुण्यात प्रत्येक डिप्लॉयला तुझा हात थरथरेल. शिवाय आई इथे आहे, ती तू पत्रात एकाच ओळीत लिहिलीस, पण परत यायचं कारणच ती होती ना?

पण तीन महिन्यांनी निघायचं ठरवलंस तर मी तुला अडवणार नाही. "मी हुशार आहे का" हा प्रश्न मला उत्तर द्यायच्या लायकीचा वाटत नाही, माफ कर. त्यापेक्षा स्वतःला हे विचार की मला मानशीवर बसायला आवडतं का. काही लोकांना शांत रात्र, सपाट ग्राफ, न वाजलेला फोन यातच सुख मिळतं, आणि काहींना दर शुक्रवारी टाळ्या लागतात, मला स्वतःला लागायच्या म्हणून मी सात वर्षांनी ते काम सोडलं आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण मी सोडलं तेव्हा मला ते काम येत होतं. न येता सोडलं असतं तर आवडत नव्हतं की जमत नव्हतं हे मला आयुष्यभर कळलं नसतं.

बाकी त्या २०१३ च्या ओळीचं. तू लिहिलंयस ती क्लायंटच्या, म्हणजे ब्राउझरसारख्या गिऱ्हाइकाच्या, हेडरच्या मोठ्या बफरची (तात्पुरत्या साठ्याची) आहे, मूळ ८ केचं (किलोबाइटचं) कोणीतरी ३२ के केलंय आणि वर "हात लावू नये". माझा अंदाज, तेव्हा कुठल्या तरी ॲपने कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली माहिती) इतक्या फुगवल्या होत्या की लोकांना ४००, म्हणजे "चुकीची रिक्वेस्ट" हा एरर, यायला लागला आणि रात्रीत कोणीतरी आकडा चौपट करून झोपायला गेलं. ते ॲप अजून जिवंत आहे का ते शोध, आणि आता येणाऱ्या हेडरांची लांबी किती असते ते आठवडाभर लॉगमध्ये मोज. उत्तर सापडलं तर मला नक्की कळव, मला खरंच उत्सुकता आहे. फक्त बदलायचं ठरलं तर शुक्रवारी संध्याकाळी नको, आणि चवथीच्या आठवड्यात तर अजिबात नको.